बटण दाबण्याआधीचे आठ सेकंद

दुकानाचं दार अरुंद होतं, आणि त्यातून एकाच वेळी दोन वस्तू आत शिरू पाहत होत्या — सायकलचं एक चाक आणि खांद्यावर घ्यायचा एक जाडजूड, जुना व्हिडिओ कॅमेरा. अर्थातच दोन्ही अडकल्या.

"चाक आधी जाऊ द्या," कॅमेऱ्यामागून आवाज आला.

"नको, कॅमेरा आधी. चाकाला काही झालं तर दादा फक्त ओरडेल. कॅमेऱ्याला झालं तर भरून द्यावा लागेल."

"हा कॅमेरा भरून मागण्यातला राहिलेला नाही आता. या तुम्ही."

चाक आत आलं, चाकामागून ती आली, आणि मग तो. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी दोन स्क्रूड्रायव्हर, कपाळावर ग्रीसचं बोट उमटलेलं. त्यानं कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि चाकाकडे बघून मनापासून, मदत करायच्या स्वरात म्हणाला, "सायकलवाला पलीकडच्या गल्लीत आहे."

"मला कॅमेराच घ्यायचाय."

"आणि चाक?"

"चाक कॅमेऱ्याची परीक्षा घेणार आहे."

गल्ल्यावर बसलेल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. वीस वर्षं कॅमेरे विकून त्यांनी तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती, पण चाक घेऊन आलेलं हे पहिलंच. "टेप्या," त्या म्हणाल्या, "त्यांना स्टूल दे. आणि चाकालाही दे एक."

दुकान त्यांचं, आणि टेप्या त्यांचा भाचा. येणारे-जाणारे सगळे त्यांना आत्याच म्हणायचे. मागच्या टेबलावर टेप्या टेपचे कॅमेरे दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी लग्नं आणि शाळांचे कार्यक्रम चित्रित करायचा. टेप्या हे नाव त्याला पडलं होतं दोन कारणांनी — एक तर सगळा जन्म टेपांत गेलेला, आणि दुसरं म्हणजे बोलायला लागला की टेप लावल्यासारखा थांबायचा नाही.

तिचंही नाव असंच पडलेलं होतं. पक्षी अभ्यास केंद्रात ती कामाला होती, आणि पिशवीत कायम सहा इंची स्टीलची पट्टी असायची. अंडं मोज, पीस मोज, कधी बिस्किट मोज. केंद्रातले सगळे तिला पट्टीच म्हणत. तिला ते नाव आवडायचं. सरळ होतं.

"काय शूट करायचंय?" टेप्यानं विचारलं. "लग्न?"

"चिमणीचं पिल्लू. घरट्यातून पहिली उडी मारताना."

त्यानं हसू दाबलं नाही, पण ते चेष्टेचंही नव्हतं. म्हणून पट्टीनं सगळं सांगून टाकलं. तिच्या मॅडमचं म्हणणं असं, की आई समोर बसून हाका मारते आणि त्या हाकेला भुलून पिल्लू बाहेर पडतं. पट्टीला वाटत होतं, आई गप्प असते. पिल्लू आपल्या मनानं उडी घेतं. कोण बरोबर, ते उडीच्या आधीच्या चार-पाच सेकंदांत कळणार होतं. आणि तेच सेकंद तिच्या हातून दोनदा निसटले होते.

"दोन्ही वेळा टेपमुळे," ती म्हणाली. "पहिल्यांदा टेप संपली. बदलायला चाळीस सेकंद लागले. वर बघते तर घरटं रिकामं. दुसऱ्यांदा बोट बटणावर ठेवून बसले होते, तर कॅमेरा पाच मिनिटांनी आपोआप झोपला. जागा होईपर्यंत पिल्लू कुंपणावर."

"टेप एकाच जागी घासू नये म्हणून झोपतो तो," टेप्या हळूच म्हणाला. "त्याचंही बरोबर आहे."

"त्याचं असेल बरोबर. माझी दोन घरटी गेली."

तिसरं घरटं होतं ते शेवटचं. त्यातली तीन पिल्लं आज अकरा दिवसांची होती. पंधराव्या-सोळाव्या दिवशी उडणार. याही वेळी हुकलं तर मॅडम हा विषय बंद करणार होत्या, आणि पट्टी पुढचं वर्षभर दुसऱ्यांच्या वह्यांत अंड्यांची मापं भरणार होती. म्हणून केंद्रानं एकदाचं पत्र दिलं होतं — टेप नसलेला, कार्डावर चालणारा, चांगल्या कामाचा कॅमेरा घ्यावा, रक्कम अमुक, त्यावर एक पैसा नाही. पत्र वाचून आत्या फक्त "हं" म्हणाल्या. त्या 'हं'मध्ये सहानुभूती होती, सवलत नव्हती.

तरी त्या रकमेच्या आसपासचे तीन कॅमेरे काउंटरवर आले. एक कोरा करकरीत, तळहाताएवढा. एक खांद्यावरचा, इतका मोठा की पट्टीनं त्याला लगेच मनात हत्ती म्हटलं. आणि तिसरा मधल्या अंगाचा, कुठल्याशा बातम्यांच्या कचेरीतून आलेला, मुठीवरचा रंग पार उडालेला.

"हा खरचटलेला कोणी घेत नाही," आत्या म्हणाल्या. "दिसायला लागतं बाई थोडंफार."

पट्टीनं चाक स्टूलावर उभं केलं, स्पोकांना रंगीत फिती बांधल्या आणि जोरात फिरवलं. तिन्ही कॅमेऱ्यांनी ते टिपलं. मग ती पडद्यापाशी डोकं नेऊन एकेक चित्र थांबवून बघू लागली. छोट्याच्या चित्रात सरळ स्पोक धनुष्यासारखे वाकले होते.

"चाक वाकडं आहे का तुमच्या दादाचं?"

"चाक सरळ आहे. हा चित्र वाचतो ओळीओळीनं, वरून खाली. शेवटची ओळ वाचेपर्यंत चाक पुढे गेलेलं असतं. पंखाचंही असंच होईल. बाकीचे दोघं सगळ्या ओळी एकदम वाचतात."

"हे तुम्हाला चाकावरून कळलं?"

"पुस्तकातून कळलं. चाकावरून पटलं."

तिनं मान वर केली. टेप्या पडद्याकडे बघतच नव्हता. पकडला गेल्यासारखा तो चटकन चाकाकडे वळला आणि उगाचच एक फीत घट्ट केली.

"आता माझी परीक्षा," तो म्हणाला. "कॅमेरा हातात धरायचा आणि दहा मिनिटं बोलत राहायचं."

"कशाबद्दल?"

"कशाहीबद्दल. मनगट दुखायला लागलं की माणूस आपोआप गप्प होतो. तुमच्या वहीत मनगटाचा रकाना नसेल."

नव्हता. तिनं लगेच आखला.

छोटा धरून ती सातव्या मिनिटाला गप्प झाली. त्याचं सगळं वजन पुढे होतं. हत्ती खांद्यावर ऐटीत बसला, पण त्याची कार्डं इतकी महाग की दोन घेतली तर केंद्राला त्या महिन्यात दिवे बंद ठेवावे लागले असते. मग खरचटलेला. त्याच्या नळीवर तीन कडी होती — एक जवळ-लांब करायला, एक नजर नेमकी करायला, एक उजेड कमी-जास्त करायला. "न बघता बोटांना कळतं कोण कुठे आहे ते," टेप्या म्हणाला आणि तिची बोटं एकेका कड्यावर ठेवून दाखवली. शेवटचं कडं दाखवायला जरा जास्तच वेळ लागला. कार्डं साधी, कुठेही मिळणारी. आणि ती एकदम दोन बसत होती. पहिलं भरलं की मधे न थांबता दुसरं चालू.

ती बोलत राहिली. चिमण्या धुळीत आंघोळ का करतात, पिल्लांच्या चोचीच्या कडा पिवळ्या का असतात… बोलता बोलता घड्याळाकडे लक्ष गेलं.

"दहा मिनिटं झाली असतील."

"चौदा झाली."

"मग थांबवलं का नाही?"

"मनगट दुखलं?"

"नाही."

"मग कॅमेरा चांगला आहे," तो म्हणाला, आणि स्क्रूड्रायव्हर खिशातून काढून परत खिशात ठेवला.

आत्यांनी हे सगळं चष्म्यावरून पाहिलं होतं. "छोटा आणि खरचटलेला दोन्ही दोन दिवस घेऊन जा," त्यांनी निकाल दिला. "वापरून बघ आणि मग ठरव. पण टेप्या बरोबर येईल. माझे कॅमेरे एकटे कुठे जात नाहीत."

"आत्या, मला दोन मशीनं उघडायची आहेत."

"ती वर्षभर उघडीच आहेत. ऊठ."

*

केंद्राच्या गच्चीसमोर एक जुनी भिंत होती. तिच्यातून कधीतरी पाइप काढलेला, त्याचं भोक तसंच राहिलेलं. त्या भोकात घरटं. पट्टीनं अंतर मोजून ठेवलं होतं. सहा मीटर चाळीस.

"नावं काय त्यांची?" दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा लावता लावता टेप्यानं विचारलं.

"एक, दोन, तीन."

"अरेरे. आईला कळलं तर?"

"नाव दिलं की जीव गुंततो. मग नोंद चुकते."

"मधला आळशी आहे," पाच मिनिटांत त्यानं जाहीर केलं. "त्याचं नाव आळशा. नोंद चुकली तर माझ्या नावावर टाका."

तिनं वहीत लिहिलं, 'क्रमांक दोन'. मग आजूबाजूला कोणी नाही बघून कंसात 'आळशा' लिहिलं.

दिवसभर ते दोघं दोन स्टुलांवर शेजारी शेजारी बसून राहिले. टेप्याची टेप चालू होती. लग्नात नवऱ्या मुलाच्या मामाला प्रत्येक चित्रात यायचं असतं, शाळेच्या कार्यक्रमात झाड झालेलं मूल नेहमी झोपतं… पट्टी हसत होती, आणि हसताना नजर भोकावरून हटू नये याची काळजी घेत होती. एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली. त्यानं बटण दाबलं रे दाबलं, की तो पुतळा व्हायचा. बोलणं तिथल्या तिथे तुटायचं. श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही.

"हे काय?" तिनं नंतर विचारलं.

"टेप फिरायला लागली की मी नसतोच. आमच्या बाबांची शिकवण. माझ्या शंभर कॅसेटी काढून बघ, माझा आवाज एकदाही सापडायचा नाही."

'बघ' म्हणाला होता तो. 'बघा' नाही. त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्या आलं होतं. तिनं ते दुरुस्त केलं नाही.

दुपारी एक सर आली — आली, पाच मिनिटं पडली आणि गेली. छत्री एकच होती. दोघांनी एकदमच ती उघडली आणि एकदमच दोन्ही कॅमेऱ्यांवर धरली. दांड्यावर त्याचा हात वर, तिचा खाली. पाणी दोघांच्या मानेवरून सरळ आत चाललं होतं.

"कॅमेरे कोरडे आहेत," ती म्हणाली.

"एकदम," तो म्हणाला. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब थांबला होता. पडू की नको, करत होता. पट्टीनं आयुष्यात कितीतरी गोष्टी टक लावून बघितल्या होत्या, पण एखाद्या थेंबाची इतकी काळजी तिला कधी वाटली नव्हती.

त्या संध्याकाळी तिनं खरचटलेल्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचायला घेतलं. दोनशे चौदा पानं. माहितीपुस्तकं शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या जगातल्या थोड्या माणसांपैकी ती एक होती. एकशे त्रेचाळिसाव्या पानावर ती थांबली. परत वाचलं. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर सेटिंगांची यादी उघडून तिच्यात खोल शिरली आणि बंद असलेली एक गोष्ट चालू केली.

सकाळी भेटल्या भेटल्या टेप्याला सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण जिन्यातच निरोप आला, मॅडमनी खाली बोलावलंय, लगेच. ती धावत गेली. टेप्या गच्चीवर एकटाच बसला. मॅडमचं काम सव्वा तास चाललं.

"काही झालं?" परत आल्यावर तिनं धापा टाकत विचारलं.

"आळशा दारात येतो, विचार करतो आणि आत जातो. दर वेळी मी दाबलं बटण. अकरा वेळा." तो आज जरा कमी बोलत होता. "छोट्याची बॅटरी संपली. खरचटलेला अजून टिकून आहे."

बॅटरीच्या गडबडीत सांगायचं ते राहून गेलं. दुपारी टेप्या छोटा घेऊन दुकानात परतला. पट्टीनं खरचटलेल्याचं कार्ड काढून केंद्रातल्या संगणकाला लावलं. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

पहिल्या चित्रीकरणात स्टूल सरकल्याचा आवाज. तिसऱ्यात तो काहीतरी गुणगुणत होता, बेसूर, पण मन लावून. सहाव्यात म्हणाला, "आळशा, ये की बाहेर. ती केव्हाची वाट बघतेय." आणि खट्. बटण दाबलेलं. शांतता.

नवव्यात सूर बदलला होता. "थांब जरा. आज नको. उद्यापण नको. एवढी काय घाई आहे तुला?" खट्.

अकरावं. भिंत, भोक, भोकात आळशाचं डोकं. आणि अगदी हळू, कॅमेऱ्याच्या जवळून, "तू उडालास की तिला उत्तर मिळेल. कॅमेरा मिळेल. मग माझं इथे काय काम? मी तिला अजून काहीच बोललो नाहीये रे. मला ती फार—"

खट्.

आणि मग चाळीस सेकंद ती बाबांची शिकवण. श्वासही नाही.

कुठलाही प्रयोग तीनदा करून बघायचा असतो. पट्टीनं हा सात वेळा करून बघितला. सातही वेळा निष्कर्ष तोच आला, आणि सातही वेळा कानाच्या पाळ्या तेवढ्याच गरम झाल्या.

*

दुसऱ्या दिवशी, पिल्लं चौदा दिवसांची असताना, ती दुकानात गेली. हातात पत्र होतं, आणि चाल अशी की आत्यांनी ती दारात यायच्या आतच पावतीपुस्तक बाहेर काढलं.

"खरचटलेला," पट्टी म्हणाली.

टेप्या मागच्या टेबलावरून पुढे आला. आज तो परत 'तुम्ही'वर गेला होता. "नीट विचार करा. छोट्याला गॅरंटी आहे. खरचटलेला घेतलात तर ट्रायपॉडला पैसे उरत नाहीत."

"छोट्यात पंख वाकडे येतात. आणि खरचटलेल्यात एक गोष्ट आहे, जी टेपच्या कुठल्याही कॅमेऱ्यात नव्हती."

"कुठली?"

"टेपचा कॅमेरा बटण दाबेपर्यंत थांबलेला असतो. हा थांबत नाही. हा सारखा बघत असतो, ऐकत असतो, आणि आठ सेकंदांपूर्वीचं विसरत जातो. बटण दाबलं की तेव्हा जे आठवत असेल तेही कार्डावर ठेवतो. उडी बघून मी उशिरा दाबलं तरी उडी सापडते. आधीच्या आठ सेकंदांसकट. परवा संध्याकाळी चालू केलं मी ते."

टेप्यानं मान डोलावली. चांगलीच युक्ती होती. मग मान डोलावणं मधेच थांबलं.

"परवा संध्याकाळी," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे काल सकाळी…"

"चालू होतं."

"आणि आवाज?"

"आवाजही. सांगायचं राहून गेलं, मॅडमनी बोलावलं ना."

त्याचे कान आधी लाल झाले, मग मान, मग बाकीचा तो. आत्यांनी चष्मा खाली घेतला. "काय रे, ताप आला का?"

"किती… किती वेळा दाबलं होतं मी?"

"अकरा."

"आणि आठ सेकंदांच्या आधी बोललेलं? ते?"

"ते गेलं."

त्यानं काउंटरच्या काचेवर एक रेघ ओढली आणि पुसली. "मग बरंच गेलं," तो म्हणाला. "बरं होतं ते, राहिलेल्यापेक्षा."

पट्टीला हसू आलं, पण तिनं ते धरून ठेवलं. "अकराव्यात एक वाक्य अर्धवट राहिलंय. मला अर्धवट नोंद चालत नाही. उद्या सकाळी सहाला गच्चीवर ये."

"ट्रायपॉड?"

"मी देते," आत्या पावती लिहितानाच म्हणाल्या. "जुना आहे, एक पाय लंगडतो. भाडं नको. वाक्य पूर्ण झालं की परत आणा म्हणजे झालं."

*

पंधरावा दिवस. ऊन नुकतं भिंतीवर उतरलं होतं. लंगड्या ट्रायपॉडच्या पायाखाली टेप्यानं पुठ्ठ्याची घडी घातली, खरचटलेला वर चढवला, आणि मग स्टूलावर बसून अर्धा तास एक अक्षर बोलला नाही. टेप्या आणि अर्धा तास. पट्टीनं वेळ लिहून ठेवली.

"बोलत का नाहीस?"

"हा ऐकतो."

"बटण दाबलेलं नाही अजून."

"ते मला आता कुणी सांगू नये."

तारेवर आई येऊन बसली. भोकात तीन डोकी. आळशा सगळ्यांत पुढे, एक पाय बाहेर, एक आत. पट्टीची दोन घरटी याच क्षणी गेली होती. आज मात्र, का कोण जाणे, भीती वाटत नव्हती. कॅमेरा जागा होता. शेजारी बसलेला माणूसही.

"आज उडाला तर उद्या मी कशाला यायचं?" भोकावरची नजर न काढता टेप्या म्हणाला. बोट बटणावर होतं.

"तुला यायला पिल्लू लागतं?"

"काहीतरी निमित्त…"

"हे बघ," पट्टी म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बराच सरळ निघाला. "तीन कॅमेरे मी दोन दिवस तपासले. तुला एकदाही तपासलं नाही, तरी माझी खात्री आहे. मला तू आवडतोस. फार. 'फार'च्या पुढचं तुझं तू बघ."

आळशानं उडी मारली.

टेप्याचं बोट त्याच्या आधी जागं झालं की नंतर, ते त्याला कधीच सांगता आलं नाही. खट् झालं, आणि सवयीनं तो पुतळा झाला. पिल्लू खाली गेलं, भिंतीला घासलं, वेडंवाकडं पंख मारत वर आलं आणि कुंपणावर आदळल्यासारखं बसलं. कॅमेरा त्याच्यामागून अलगद फिरला. हात अजिबात थरथरले नाहीत. फक्त त्याचा चेहरा… चेहऱ्यावर सगळं बोलायचं साचलं होतं आणि टेप फिरत होती. पट्टीनंही श्वास रोखला. तिनं सेकंद मोजले. दहा, वीस, तीस. आयुष्यात इतकी लांब शांतता तिनं कुणाबरोबर वाटून घेतली नव्हती. पस्तिसाव्या सेकंदाला त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं, ते हसण्याचं की कसलं ते मोजता आलं नाही.

खट्.

"फार आवडतेस," तो एका दमात म्हणाला. "परवापासून तोंडात धरून बसलोय. तू चाक घेऊन दारात अडकलीस ना, तेव्हाच आवडलीस. आता नोंद पूर्ण झाली का?"

"झाली. बोट बटणावर ठेव, अजून दोन आहेत."

तासाभरात उरलेली दोन्ही उडाली. त्या तासात गच्चीवर कोणी काही बोललं नाही. ट्रायपॉडमागे हात मात्र एकमेकांत होते, आणि ते कुठल्याच कॅमेऱ्यात आलं नाही.

*

मॅडमच्या खोलीत पडदा लावला होता. पट्टीनं सहज सुचवल्यासारखं म्हटलं, "पहिलं आवाज बंद करून बघू या का?"

"आवाज बंद करून?" मॅडमनी मान तिरकी केली. "आई हाक मारते की नाही, हाच तर प्रश्न आहे तुझा. आवाजाशिवाय काय बघायचं मग?"

काही इलाज नव्हता. पट्टीनं बटण दाबलं आणि खिडकीबाहेर बघू लागली. भोक. आळशा. तारेवर आई, चोच घट्ट मिटलेली. आणि खणखणीत, शब्द न् शब्द कळेल अशा आवाजात, 'तुला एकदाही तपासलं नाही, तरी माझी खात्री आहे…' आठ सेकंदांत बरंच मावतं. उडी. शांतता.

मॅडमनी ते एकदा बघितलं. परत लावायला सांगितलं नाही, हे त्यांचे उपकार. मग दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. दोन्हींत फक्त वारा होता आणि मिटलेली चोच.  मग मॅडमनी आपली जुनी वही उघडली आणि स्वतःच्याच एका ओळीवर काट मारली.

"तुझं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या हंगामात वीस घरटी घे. कॅमेरा नीट निवडलास." पट्टी दाराशी पोचली तेव्हा मागून आवाज आला. "आणि कॅमेऱ्यामागचा माणूसही. लेखात नाव घालायला विसरू नकोस त्याचं."

फाटकाशी टेप्या उभा होता. काखेत सायकलचं चाक.

"हे दुकानातच राहिलं होतं. आत्या म्हणाली, तुझा दादा चार दिवस पायी फिरतोय म्हणे. पोचवायला मीही येऊ?" मग त्याला राहवलं नाही. "काय म्हणाल्या मॅडम?"

"मानलं त्यांनी. पण तीनांतली दोनच पिल्लं धरायची. आळशा बाद."

"बाद? का? सगळ्यांत चांगला शॉट त्याचाच आहे."

"आईनं हाक मारली नाही, हे दाखवायला बाकीची दोन पुरतात," पट्टी म्हणाली आणि चाकाची दुसरी कड तिनं धरली. "आळशा उडाला तेव्हा हाक ऐकू आली होती."

फाटक अरुंद होतं. चाक मधे धरून दोघं एकदमच निघाले, आणि अर्थातच अडकले. या वेळी 'तू आधी' असं कोणी म्हणालं नाही.